कार्बन डायऑक्साइड धरायचा, कोंडायचा, वापरायचा: नाशिकच्या मळ्यात, वायनरीत आणि कारखान्यात

पानटपरीवरून चुन्याची एक डबी आणा. चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात कालवा, रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी वरची नितळ निवळी हलकेच पेल्यात ओतून घ्या. आता स्ट्रॉने तिच्यात फुंका. फुंकाच, चुकूनही ओढू नका, तोंड भाजेल. थोड्याच वेळात निवळी दुधाळ होते. हा प्रयोग शाळेच्या वहीत सगळ्यांनीच उतरवलाय. पेल्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड धरला गेला आणि दगड होऊन साठलासुद्धा.

पण तो चुना कुठून आला? चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजून. भाजताना त्या चुनखडीतून नेमका एवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, वर भट्टीच्या कोळशाचा धूर निराळा. म्हणजे पेल्यात जे धरलं ते आधीच उधार घेतलेलं होतं. हा उधारीचा भाग लपवून 'आम्ही कार्बन पकडतो' असं सांगणारे मला गेल्या काही वर्षांत बरेच भेटले, म्हणून सुरुवात इथून केली.

माझी बावीस वर्षं सातपूरला बॉयलर आणि वाफेच्या कामात गेली. घरची चार एकर द्राक्षबाग निफाड तालुक्यात. त्यामुळे हा विषय मला धुराड्याकडूनही दिसतो आणि बांधावरूनही. नाशिकमध्ये आपल्यासारख्यांच्या हातात खरोखर काय आहे आणि ते कसं करायचं, तेवढंच इथे लिहितो.

आधी दोन प्रश्न

कोणतीही पद्धत समोर आली की मी दोनच गोष्टी विचारतो. वायू किती दाट आहे? आणि धरल्यावर तो किती काळ राहणार?

दाटपणा महत्त्वाचा, कारण धरण्याचा जवळपास सगळा खर्च तिथेच ठरतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या थोडा वर आहे. म्हणजे अडीच हजार माणसांच्या गर्दीतून एक माणूस हुडकायचा. कोळशाच्या बॉयलरच्या धुरात तो १२ ते १४ टक्के असतो. गोबरगॅसमध्ये ३५ ते ४० टक्के. आणि वाईनच्या टाकीत किंवा मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीच्या टाकीत, आंबवण जोरात असताना, जवळपास निव्वळ तोच. तिथे वेगळा करायची गरजच नाही, फक्त अडवायचा.

किती काळ राहणार, या प्रश्नावर मात्र बऱ्याच योजना ढेपाळतात. सोड्याच्या बाटलीतला वायू झाकण उघडेपर्यंतच आत. जगात या वायूचा सगळ्यात मोठा औद्योगिक वापर युरिया बनवण्यात होतो. एक टन युरियात सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत ३३ किलो. ऐकायला छान. पण गोणी शेतात पडली, पाणी मिळालं, की मातीतले जिवाणू काही दिवसांत युरिया फोडतात आणि वायू मोकळा होतो. हा वापर झाला, साठवण नाही. दोन्ही शब्द एकाच दमात म्हणायची सवय लागलीय, ती मोडायला हवी.

वहीत मांडायचा हिशेब

कार्बनचं वजन १२ धरलं तर त्यापासून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं ४४. म्हणजे एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो वायू. हा एक आकडा पाठ करा. दुसरा आकडा डिझेलचा: एक लिटर जळालं की साधारण २.७ किलो. कुठलाही मोठा दावा डिझेलच्या लिटरांत बदलून बघितला की त्याची खरी उंची कळते, कारण ट्रॅक्टरच्या टाकीत किती मावतं ते आपल्याला ठाऊक असतं.

वायनरीची टाकी

दिंडोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांचा हंगाम. यीस्ट साखर खातं, अर्ध्याहून थोड्या जास्त साखरेची अल्कोहोल होते आणि उरलेल्या अर्ध्याचा वायू. १८० ग्रॅम साखरेमागे ८८ ग्रॅम. व्यवहारात असं लक्षात ठेवा की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, एकाने उतरला की लिटरमागे साधारण ५ ग्रॅम वायू सुटला. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला की लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे लिटरभर रसातून पन्नास लिटरहून जास्त वायू. चार हजार लिटर रसाच्या एका टाकीतून चारशे किलो.

नळ्या जोडण्याआधी जिवाचं बघा. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो टाकीच्या खालच्या दारातून बाहेर पडतो, फरशीवर पसरतो, गटारात, पंपाच्या खड्ड्यात साठतो. रंग नाही, वास नाही. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा अर्धा टक्का मानतात, चार टक्के म्हणजे जिवाला तातडीचा धोका आणि दहा टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. एका वायनरीत टाकी धुवायला निघालेल्या मुलाला मी थांबवलं तर तो म्हणाला, "काका, मेणबत्ती पेटतीय की आत!" त्याचं चुकलं असं कसं म्हणू, त्याला तेच शिकवलेलं. पण ज्योत प्राणवायू कमी झाल्यावर विझते, आणि कार्बन डायऑक्साइडचं विष त्याच्या कितीतरी आधी चढतं. पेटती मेणबत्ती काहीही सिद्ध करत नाही.

म्हणून पहिली खरेदी मीटरची. घरातली हवा मोजायचे जे मीटर ऑनलाइन मिळतात ते बहुधा ५,००० पीपीएमला, म्हणजे अर्ध्या टक्क्यालाच थांबतात. जिथून धोका सुरू होतो तिथेच त्यांची पट्टी संपते. टक्क्यांत मोजणारा, निदान पाच टक्क्यांपर्यंत जाणारा इन्फ्रारेड सेन्सरचा अलार्म घ्या आणि तो गुडघ्याच्या उंचीवर लावा, डोक्याच्या नाही. टाकीत माणूस उतरवायचा तर पंख्याने हवा बदलून, वर दुसरा माणूस आणि दोर ठेवूनच. खाली पडलेल्याला काढायला दुसऱ्याने धावत उतरायचं नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा जीव असाच जातो.

आता जोडणी. टाकीच्या झाकणाला वायूसाठी एक तोंड काढा आणि त्याच्या शेजारीच पाण्याचं सील असलेली सुटकेची नळी ठेवा, वीस-तीस सेंटिमीटर पाणी पुरतं. वाईनच्या टाकीचं झाकण म्हणजे प्रेशर कुकर नव्हे, पातळ पत्रा फुगतो. उलटंही होतं: बंद टाकीतून रस पंपाने ओढला की पत्रा आत बसतो. तेव्हा सुटका दोन्ही बाजूंनी हवी.

तोंडातून निघालेली नळी आधी एका रिकाम्या पिंपात न्या. रेड वाईनच्या टाकीला फेस येतो, सालींसकट वर चढतो, तो इथे अडतो. हे पिंप वगळलंत तर आठवड्याच्या आत सगळ्या नळ्या जांभळ्या आणि चिकट होतील. तिथून वायू पाण्याच्या उभ्या नळीतून बुडबुडत जाऊ द्या, अल्कोहोलची वाफ पाण्यात राहते. कधीकधी यीस्ट उपाशी असलं की सडक्या अंड्याचा वास येतो, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा डबा. सुरुवातीचा वायू धरू नका. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेतली हवा पूर्ण ढकलली जाईपर्यंत, निदान तिच्या तीन-चारपट वायू बाहेर सोडा. नाहीतर फुग्यात प्राणवायू शिरतो आणि पुढच्या कामाला तोच नडतो.

साठवायला गोबरगॅसचा रबरी फुगा चांगला, नवा असावा एवढंच. आकार ठरवताना ब्रिक्सची वही कामाला येते. थंड ठेवलेली व्हाइट वाईन दिवसाला एक-दीड ब्रिक्स उतरते. चार हजार लिटरमागे दिवसाला पंधरा-सोळा घनमीटर वायू. रेड वाईन गरम असते, चार-पाच ब्रिक्सही उतरते, तिथे तिप्पट धरा.

हा वायू वापरायचा वायनरीतच. रिकाम्या टाकीत वाईन सोडण्याआधी तळातून हळू वायू भरला तर तो हवा वर ढकलत जातो आणि वाईनला प्राणवायू लागत नाही. यासाठी आज सिलिंडर विकत येतात, ते वाचतात. एक खोच आहे. थंड वाईनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि जिभेला चुणचुणतो, म्हणून महिनोन्‌महिने ठेवायच्या टाकीवर नायट्रोजनच बरा. आंबवणीचा वायू हलवाहलवीच्या कामांना ठेवा.

सिलिंडर स्वतः भरायचा विचारही नको. त्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) परवानगी लागते, आणि कारण कागदी नाही. कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. वीस अंशांना सिलिंडरमध्ये ५७ बार दाब असतो. एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात त्याच सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही आणि दाब भराभर चढतो. विकतचा सिलिंडरही सावलीतच ठेवा.

डिस्टिलरीचा प्रकार मोठा. लिटरभर अल्कोहोलमागे पाऊण किलो वायू, आणि कारखाना महिनोन्‌महिने चालतो. तिथे धुऊन, वाळवून, थंड करून द्रवरूप वायू विकणं परवडतं. शीतपेयं, वेल्डिंग, ड्राय आइस अशी गिऱ्हाइकं असतात. छोट्या वायनरीने त्या फंदात पडू नये. तिचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा.

आणि हिशेबात प्रामाणिक राहायचं तर हा वायू त्याच वर्षी वेलीने हवेतून घेतलेला होता. तो सुटला तर हवेत नवी भर पडत नाही. तो धरून विकतचा सिलिंडर वाचवला तर तेवढीच बचत. हवेतून कार्बन कायमचा काढल्याचं श्रेय इथे मिळत नाही.

बागेतल्या काड्या

ते श्रेय बागेत मिळू शकतं, आणि माझ्या मते नाशिकपुरता हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. हवेतला ०.०४ टक्के वायू शोधून काढायचं अवघड काम वेल फुकट करते. एप्रिलच्या खरड छाटणीला जाड काड्या निघतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला तुलनेने बारीक. त्या बांधावर पेटवल्या की वर्षभराचा कार्बन एका संध्याकाळी परत जातो. कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलीच्या ओळीखालच्या वरंब्यावर, पसरल्या तर जमिनीला चांगलंच, पण दोन-तीन वर्षांत त्याही कुजून बहुतेक कार्बन हवेत. त्यांचा कोळसा केला, बायोचार म्हणा, तर त्यातला मोठा भाग शंभर वर्षांहून जास्त मातीत टिकतो. जिवाणूंना तो पचत नाही.

काड्या वाळवणं हे निम्मं काम आहे. खरड छाटणीच्या काड्या उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत वाळतात. गोडी छाटणीच्या डिसेंबरपर्यंत ठेवा, मधे पाऊस आला तर झाका. काडी वाकवून बघा. 'कट्' असा आवाज करून मोडली पाहिजे. वाकून साल सुटली तर अजून आठवडा. मी पहिल्या वर्षी घाई केली. अर्धओल्या काड्यांचा पिवळट धूर दुपारभर शेजारच्या बागेवर बसला आणि संध्याकाळी शेजारचे तात्या बांधावर येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, फक्त डोळे पुसत बघत राहिले. धूर म्हणजे नुसता त्रास नाही, त्यात न जळलेला मिथेन असतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो. धुरकट भट्टी लावून कार्बन वाचवला म्हणणं म्हणजे आवळ्यासाठी कोहळा घालवणं.

खड्डा गोल खणा, वर पाच फूट रुंद, अडीच फूट खोल, खाली निमुळता, भाकरीच्या परातीपेक्षा खोल आणि विहिरीपेक्षा उथळ असा. कडा चोपून गुळगुळीत करा. वेली आणि ड्रिपच्या नळ्यांपासून निदान तीस फूट लांब. वारा पडलेली सकाळ निवडा. बाजूला दोनशे लिटरची तीन पिंपं पाण्याने भरून ठेवा. मगच आगपेटी काढा.

मधोमध वाळक्या काड्यांची चौकट रचा आणि ती वरून पेटवा, खालून नाही. वरून पेटवली की खालून निघणारा वायू ज्वाळेतूनच जातो आणि तिथेच जळतो, म्हणून धूर होत नाही. चौकट कोसळून निखारा झाला की तो पसरवा आणि काड्यांचा एक पातळ थर टाका. ज्वाळा निखाऱ्यावर चादरीसारखी पसरली पाहिजे. तिने वरून येणारा प्राणवायू खाल्ला की खालचा कोळसा जळून राख होत नाही. सगळी कला इथे आहे. थरावर राखेची पांढरी साय धरू लागली की पुढचा थर. लवकर टाकलात तर ज्वाळा दबून धूर होईल, उशीर केलात तर कोळशाची राख. पहिल्या दोन भट्ट्या बिघडतीलच, तिसरीला हात बसतो.

खड्डा भरत आला, वरच्या थरावरही साय आली, की विझवा. कडेने हळूहळू पाणी सोडा, वाफेचा लोट येतो, तोंड मागे ठेवा. माती टाकून विझवायचा मोह होतो, पण आत धुमसत राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी राख मिळते. पाणीच हवं, आणि ढवळून परत हवं.

कोळसा झाला का, हे बघायला एक तुकडा हातात चोळा आणि हात नुसत्या पाण्याने धुवा. काळं सहज निघालं तर उत्तम. तेलकट डाग राहिला, वास आला, तर डांबर उरलंय, तो माल पुढच्या भट्टीत टाका. चांगला तुकडा फरशीवर पडला की खापरासारखा वाजतो.

आता वजन. वाळल्या काड्यांच्या एक टनातून अशा खड्ड्यात साधारण दोनशे किलो कोळसा येतो, हात बसल्यावर थोडा जास्त. त्यात कार्बन ७५ टक्के धरला तर दीडशे किलो, म्हणजे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातून पाचवा हिस्सा मी न टिकणारा म्हणून वजा करतो. राहतात ४४०, म्हणजे सुमारे १६० लिटर डिझेल. एका शेतकऱ्यासाठी हे कमी नाही, जगासाठी फार नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मोजताना कोळसा कोरडा करूनच मोजा; विझवलेल्या कोळशात त्याच्या वजनाएवढं पाणी सहज मुरलेलं असतं, आणि नेमकं तेच वजन सांगून कार्बन क्रेडिटच्या गप्पा मारल्या जातात.

कोरा कोळसा थेट मातीत घालू नका. तो रिकाम्या गोदामासारखा असतो, आजूबाजूचं नत्र ओढून घेतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं दिसतं. शेणखत किंवा कंपोस्ट दुप्पट घ्या, शेणस्लरी किंवा जीवामृताने भिजवा, दोन-तीन आठवडे सावलीत ओल धरून ठेवा. मग बोदात.

किती घालायचं यावर माझं मत जरा आखडतं आहे. काड्यांच्या कोळशाचा सामू ८ ते १० असतो आणि आपल्या काळ्या जमिनी आधीच साडेसात-आठच्या वर, बऱ्याच ठिकाणी चुनखडयुक्त. आम्लधर्मी लाल मातीत बायोचारने जे चमत्कार दाखवलेत ते इथे जसेच्या तसे होणार नाहीत. दुसरं, आपण वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारतो. मोरचुदातलं तांबं काडीवर असतं, जळताना ते उडून जात नाही, कोळशात दाट होतं. म्हणून एका ओळीपासून सुरुवात करा, वेलीमागे एक किलो. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ वेली बसतात, म्हणजे पूर्ण बागेला घालायचा झाला तरी टनाच्या आतच. आधी आणि वर्षाने माती परीक्षण करा, आणि सामू, ईसी (क्षारांचं प्रमाण) यांच्याबरोबर तांबंही मुद्दाम तपासून मागा. हलकी, मुरमाड जमीन असेल तर फायदा लवकर दिसतो, पाणी धरून ठेवायला मदत होते. भारी काळीत घाई नको.

धुराडं

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच. कोळशाच्या विजेमागे युनिटला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला दोनशे टनांच्या वर. हा धरायची रुळलेली पद्धत अमाइन नावाच्या रसायनाची. धूर थंड करून अमाइनच्या पाण्यातून नेतात, ४० अंशांच्या आसपास ते वायू धरतं. मग तेच पाणी दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांपर्यंत तापवलं की वायू सोडतं, आणि थंड करून पुन्हा कामाला. रसायन जुनं आहे, अडचण वाफेची. एक टन वायू सोडवायला साडेतीन गिगाजूलच्या आसपास उष्णता लागते, आणि ती त्याच बॉयलरमधून काढावी लागते. विजेचा चौथा हिस्सा सहज जातो. धुरात गंधकाचा वायू असला तर तो अमाइन कायमचं बिघडवतो, म्हणून तो आधी काढावा लागतो.

प्रयोग झालेत. कॅनडात बाउंडरी डॅमला २०१४ पासून कोळशाच्या संचावर हे चालू आहे. आपल्याकडे एनटीपीसीने विंध्याचलला दिवसाला २० टन धरणारा संच २०२२ मध्ये उभा केला, त्या वायूपासून मिथेनॉल करण्यासाठी. आयआयटी मुंबईत या विषयाचं राष्ट्रीय केंद्रही आहे. पण प्रमाण लक्षात घ्या: दिवसाला २० टन म्हणजे एकलहऱ्याच्या एका संचाची सहा मिनिटं.

अंबड-सातपूरच्या छोट्या बॉयलरवाल्याला माझा सल्ला सरळ आहे. कोणी अमाइनचं छोटं पॅकेज विकायला आलं तर चहा पाजा आणि विचारा, वाफ कुठून आणू आणि धरलेला वायू टाकू कुठे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक गप्प बसतात. त्या पैशात स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) बदला, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) परत आणा, धुरातला जादा प्राणवायू मोजून हवा कमी करा. जो वायू झालाच नाही तो धरावा लागत नाही.

वापराचे बाकीचे मार्ग

जानोरी-मोहाडीकडची गुलाबाची पॉलिहाऊसं बघून लोक विचारतात, आत कार्बन डायऑक्साइड सोडला तर? बंद हरितगृहात हवेच्या दुप्पट, म्हणजे ८०० ते १,००० पीपीएम ठेवला की वाढ जोमाने होते, हे खरं. पण ती थंड देशांतली काचघरं. आपली पॉलिहाऊसं गरमीमुळे कडेने उघडी, दहा वाजता पडदे वर गेले की वायू वाऱ्यावर. पहाटेपासून पडदे उघडेपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ तेवढा मिळतो. त्यासाठी सिलिंडर घेणं मला पटत नाही; आत कंपोस्टचा ढीग ठेवला तरी थोडं काम होतं.

सिमेंटचे ब्लॉक आणि काँक्रीट हा मार्ग जास्त पक्का. ताज्या काँक्रीटमध्ये वायू सोडला की त्यातल्या कॅल्शियमशी जुळून तो कार्बोनेट होतो आणि इमारत पाडली तरी सुटत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावाही हेच करत आलाय, हवेतला वायू पीत पीत दगड होत.

पायाखालचा कातळ

आता सगळ्यात मोठी जागा. आपण दख्खनच्या बेसाल्टवर बसलोय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. या काळ्या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यांना बाहेर काढतो आणि त्यांच्याशी जुळून दगड बनतो. आइसलँडला कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये हा वायू पाण्यात मिसळून बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त कार्बोनेट झाला. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय, दाबून सोडला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यात कार्बोनेटच्या गाठी सापडल्या.

मग नाशिकला का नाही? कार्बफिक्सच्या पद्धतीला एक टन वायूमागे जवळपास २५ टन पाणी लागतं. एकलहऱ्याच्या एका संचाचा दिवसाचा वायू पाच हजार टन धरा, तर रोज साडेबारा कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे साडेबारा हजार टँकर, तेही जिथे येवला-सिन्नरकडे उन्हाळ्यात माणसांना टँकर पुरत नाही तिथे. शिवाय आपला कातळ किती सच्छिद्र आहे हे ठिकठिकाणी बदलतं. इथे बोअर मारणाऱ्या कुणालाही विचारा: एका वावरात दोनशे फुटांवर पाणी, शेजारच्या वावरात पाचशेपर्यंत कोरडा कातळ. पाणी शिरत नाही तिथे वायूही शिरणार नाही. आधी खोल बोअर, नमुने, दाबाच्या चाचण्या, आणि भूजलावर नजर. हे सरकारी संस्थांचं काम, तुमच्या-माझ्या बोअरमध्ये करून बघायचं नाही.

करून बघण्यासारखं एक मात्र आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले पांढरे, हिरवे, गुलाबी स्फटिक मांडलेत. त्यातले बरेच झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची खनिजं, आहेत, आणि कारखान्यात बनवलेले झिओलाइट आज वायू गाळून धरायला वापरतात. त्यांच्या शेजारीच कॅल्साइट असतो, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी याच कातळात दगड झालेला कार्बन डायऑक्साइड. ओळखायला सोपं: नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून पांढरे खडे उचला, पातीने थोडी भुकटी खरवडा आणि लिंबू पिळा. भुकटी बारीक फसफसली तर कॅल्साइट, नाहीतर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. आमच्या ढिगाऱ्यावरच्या पाच खड्यांपैकी दोन फसफसले.